फॉरमॅट करण्याआधी विचारत आहे: कार्यालयातील संगणकांच्या चार तक्रारी

प्रश्न – घोडबंदरकर, ठाणे

नमस्कार. वागळे इस्टेटमध्ये आमचे छोटे कार्यालय असून ठाणे परिसरातील गृहनिर्माण संस्थांची देखभाल बिले, पावत्या आणि सभासद नोंदवही सांभाळणारे सॉफ्टवेअर आम्ही तयार करतो. विकासाचे काम विंडोजच्या डेस्कटॉपवर चालते, सर्व्हरचा भाग नोडमध्ये, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत, लिहिलेला आहे, माहिती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठते आणि ग्राहक वापरतात तो सर्व्हर भाड्याच्या क्लाउडवर लिनक्सवर चालतो. सध्या चार तक्रारी एकाच वेळी उभ्या राहिल्या आहेत.

पहिली अशी की, दोन जुन्या डेस्कटॉपवर सकाळी तारीख काही वर्षे मागची दिसते, ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचे सांगतो आणि कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे गिटही सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र वैध नसल्याचे कारण देऊन कोड घेऊ देत नाही. तारीख हाताने लावली की दिवसभर सर्व काही ठीक चालते. दुसरी तक्रार नोडच्या सर्व्हरची. तो सुरू करताना कधी पोर्ट, म्हणजे प्रोग्रामला जोडणी मिळण्याचा क्रमांक, वापरात असल्याचा, तर कधी परवानगी नसल्याचा संदेश येतो, आणि रात्री संगणक बंद करून सकाळी सुरू केला तरी फरक पडत नाही. तिसरी, सभासदांची यादी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे करणाऱ्या, फाइलमध्ये काढून एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात. चौथी तक्रार सर्वांत महागात पडणारी आहे. १ एप्रिलची बिले ३१ मार्चच्या तारखेने छापली गेली, म्हणजेच ती मागील आर्थिक वर्षात गेली, आणि संस्थांचे खजिनदार आम्हाला जाब विचारत आहेत. आमच्या संगणकांवर तपासले असता हा दोष दिसत नाही.

दुरुस्तीसाठी येणाऱ्या गृहस्थांचे मत असे आहे की, विंडोज जुने झाले असून सर्व संगणक फॉरमॅट करावेत. तसे करण्याआधी काही झटपट उपाय असल्यास कृपया सांगावेत.

उत्तर – महापे_रात्रपाळी, नवी मुंबई

फॉरमॅट करू नका. पहिली, तिसरी आणि चौथी तक्रार विंडोज नव्याने टाकूनही जशीच्या तशी राहील, आणि दुसरी काही दिवस दबून पुन्हा डोके वर काढील. मी फक्त पहिलीविषयी लिहितो.

मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा चपटा सेल असतो. वीज नसताना संगणकाचे घड्याळ त्या सेलवर चालते. संगणक बंद असला तरी त्याची वायर चालू सॉकेटमध्ये असेल, तर पॉवर सप्लायमधून येणाऱ्या ५ व्होल्टच्या स्टँडबाय विजेवर घड्याळ चालते आणि सेल फारसा खर्च होत नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या कार्यालयांत मात्र निघताना भिंतीवरचे मुख्य बटण बंद करण्याची शिस्त असते. ती सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे, परंतु त्यामुळे रोज रात्रभर आणि सुट्टीचे सगळे दिवस घड्याळाचा भार सेलवर येतो. जुन्या संगणकात तो संपला की घड्याळ मदरबोर्डमध्ये ठरवून दिलेल्या मूळ तारखेवर जाते. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांवर वैधतेची सुरुवात आणि शेवट अशा दोन्ही तारखा असतात, त्यामुळे काही वर्षे मागे गेलेल्या संगणकाला आजचे प्रत्येक प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेले वाटते. ब्राउझर आणि गिट या दोघांची तक्रार म्हणूनच एकाच वेळी उद्भवते.

सेल बदलणे हे काही मिनिटांचे काम आहे. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मात्र त्याआधी दोन गोष्टी कराव्यात. बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या, सर्व पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, कारण सेल काढल्यावर बायोसमधील निवडी मूळ स्थितीला जाऊ शकतात, आणि हार्ड डिस्कची पद्धत एएचसीआयऐवजी दुसरी लागली तर विंडोज सुरूच होत नाही. मग तोच दोष विंडोजच्या माथी मारला जातो. दुसरे म्हणजे, डिस्कवरची माहिती सांकेतिक करणारे बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून हाताशी ठेवावी, कारण बायोस बदलल्यावर ती मागितली जाण्याची शक्यता असते. त्यानंतर वायर काढावी, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि मग सेल बदलावा. ज्या बाजूवर नाव छापलेले असते ती अधिक बाजू असून ती बहुधा वरच्या दिशेला येते. कॅबिनेट उघडलेच आहे म्हणून रॅमचे संपर्क खोडरबराने घासण्याचा मोह अनेकांना होतो. त्या संपर्कांवरचा सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, त्यामुळे घासण्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसणे बरे, आणि तेही संगणक सुरू होताना खरोखर अडत असेल तरच.

सेल नवा घातल्यावर तारीख एकदा हाताने, निदान अंदाजे, लावावीच लागेल. डोमेनमध्ये, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती नियंत्रणात, नसलेल्या विंडोजची वेळ जुळवणारी सेवा मूळ मांडणीत ५४,००० सेकंदांपेक्षा, म्हणजे १५ तासांपेक्षा जास्त फरक आपणहून सुधारत नाही, म्हणून इंटरनेट असूनही तुमचे घड्याळ सकाळी मागेच राहते. तारीख लावल्यावर वेळेच्या सेटिंगमधील ‘सिंक नाउ’ दाबले की उरलेला फरक निघून जातो.

येथे एक खूण सांगून ठेवतो. घड्याळ नेमके साडेपाच तास पुढे किंवा मागे असेल, तर सेलला दोष देऊ नये. त्या संगणकावर विंडोजसोबत लिनक्सही असते, तेव्हा असे घडते. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ ठेवते, म्हणून एकातून दुसऱ्यात गेले की भारतीय वेळेचा फरक दिसतो. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत पाळायला सांगितले की प्रश्न मिटतो.

आता एक विनंती. गिट अडले तेव्हा कोणी इंटरनेटवर शोधून प्रमाणपत्राची पडताळणीच बंद करून ठेवली नाही ना, हे प्रत्येक संगणकावर पाहावे. एसएसएल व्हेरिफाय खोटे करण्याची गिटची निवड, नोडची पॅकेजेस आणणाऱ्या एनपीएमची स्ट्रिक्ट एसएसएल ही निवड आणि नोडचा तशाच अर्थाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल या तीन जागा तपासाव्यात. हा उपाय सर्वांत झटपट आहे आणि सर्वांत वाईटही, कारण तारीख सुधारल्यानंतर त्याची आठवण कोणालाच राहत नाही आणि संस्थांचे पैशांचे व्यवहार सांभाळणारा कोड कोणत्याही बनावट सर्व्हरवर विश्वास ठेवू लागतो.

उत्तर – तलावपाळी, ठाणे

पोर्टविषयी लिहितो. तुम्ही दिलेले दोन संदेश एकाच तक्रारीचे मानले आहेत, पण ते तसे नाहीत.

‘वापरात आहे’ असा संदेश आल्यास ते पोर्ट दुसऱ्या एखाद्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रामने, धरलेले असते. ती कोणती, हे पाहण्यासाठी कमांड आठवत नसेल तर रिसोर्स मॉनिटर उघडावा आणि नेटवर्क या भागातील ‘लिसनिंग पोर्ट्स’ ही यादी पाहावी. तेथे पोर्टच्या क्रमांकासमोर प्रोग्रामचे नाव आणि पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, दिसतो. बहुतेक वेळा तो तुमचाच नोड असतो, जो एडिटरमधील टर्मिनलची खिडकी बंद झाल्यावरही मागे चालू राहिलेला असतो. टास्क मॅनेजरमधून तो बंद करता येतो. पीआयडी ४ दिसल्यास मात्र थांबावे. ती विंडोजची स्वतःची सिस्टिम प्रोसेस आहे आणि तिला मारता येत नाही; ८० क्रमांकाच्या पोर्टवर ती दिसली तर आयआयएस हा विंडोजचा वेब सर्व्हर किंवा तत्सम सेवा चालू आहे का हे पाहून ती सेवा थांबवावी.

‘परवानगी नाही’ असा संदेश येतो तेव्हा ते पोर्ट कोणीही वापरत नसते, म्हणूनच शोधणारा गोंधळतो. हायपर-व्ही, लिनक्सची उपप्रणाली किंवा डॉकर यांसारखी, एका संगणकात आभासी प्रणाली चालवणारी साधने असलेल्या विंडोजवर विननॅट नावाची नेटवर्क सेवा पोर्टचे काही पट्टे आधीच राखून ठेवते. हे पट्टे सामान्यतः ४९१५२ च्या पुढच्या, तात्पुरत्या वापराच्या टापूतून घेतले जातात. पण एखाद्या जुन्या प्रोग्रामने त्या टापूची सुरुवात १०२४ पर्यंत खाली आणून ठेवली असेल, तर विकासकांच्या नेहमीच्या वापरातील ३००० किंवा ८०८० ही पोर्टही राखीव पट्ट्यात सापडू शकतात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेट स्टॉप विननॅट’ आणि लगेच ‘नेट स्टार्ट विननॅट’ असे दिले की पट्टे नव्याने वाटले जातात आणि काम तात्पुरते चालू होते. कायमचा उपाय हवा असेल तर नेटशेल ही विंडोजची कमांड वापरून टापूची सुरुवात पुन्हा ४९१५२ वर न्यावी आणि संख्या १६३८४ ठेवावी.

रात्री बंद करूनही फरक का पडत नाही, याचे उत्तर फास्ट स्टार्टअपमध्ये आहे. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हटल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, परंतु कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच उचलली जाते. मुख्य बटण बंद केले तरी डिस्कवरचे लिखाण पुसले जात नाही. खरी नवी सुरुवात ‘रिस्टार्ट’ केल्यावरच होते. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करता येते. एसएसडी असलेल्या संगणकावर त्यामुळे सकाळी फारसा वेळ वाया जात नाही, त्यामुळे विकासकांच्या संगणकांवर ते बंदच असावे असे माझे मत आहे.

घोडबंदरकर

दोघांचे मनःपूर्वक आभार. सेल बदलल्यावर दोन्ही डेस्कटॉपची तारीख टिकली आहे. एका संगणकावर गिटची पडताळणी खरोखरच बंद केलेली आढळली, ती पुन्हा चालू केली. पोर्टच्या बाबतीत एकीकडे मागे राहिलेला नोड होता आणि दुसरीकडे डॉकर. टापूची सुरुवात तेथे १०२४ वरच होती.

सीएसव्हीबाबत अधिक तपशील देतो. काही संस्थांच्या यादीत अगम्य लॅटिन अक्षरे दिसतात, तर काही जुन्या संस्थांच्या यादीत नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. दोन्ही याद्या एकाच प्रोग्राममधून निघतात.

उत्तर – खाडीपलीकडे, वाशी

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण बिघडलेली मराठी कशी दिसते यावरूनच ती कुठे बिघडली हे ओळखता येते, आणि एका प्रकारात माहिती शाबूत असते तर दुसऱ्यात ती गेलेली असू शकते.

अगम्य अक्षरांचा प्रकार आधी घेऊ. युनिकोडमधील देवनागरीचे प्रत्येक अक्षर किंवा मात्रा यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत तीन बाइट घेते. त्यांपैकी पहिला, हेक्स म्हणजे सोळाच्या अंकलेखनात, नेहमी ई० असतो आणि दुसरा ए४ किंवा ए५. फाइल यूटीएफ-८ असल्याची खूण न मिळाल्यास एक्सेल दुहेरी क्लिकने उघडताना विंडोजचे जुने कोड पेज, म्हणजे कोणता बाइट कोणते अक्षर हे ठरवणारा तक्ता, वापरते, आणि त्यात हे बाइट म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला लॅटिन ए, चलनाचे गोल चिन्ह आणि येनचे चिन्ह ठरतात. म्हणून सबंध स्तंभभर तीच दोन-तीन चिन्हे पुन्हा पुन्हा दिसत असतील तर निश्चिंत राहावे. फाइल बरोबर आहे आणि ती केवळ चुकीच्या पद्धतीने वाचली जात आहे. एक्सेलमध्ये ‘डेटा’ या टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट ऑर सीएसव्ही’ निवडून फाइलच्या उगमासाठी ६५००१ हा यूटीएफ-८ चा पर्याय निवडावा, म्हणजे नावे नीट दिसतात. खजिनदारांना हे शिकवत बसण्यापेक्षा तुमच्या प्रोग्रामने फाइलच्या आरंभी ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट लिहावेत, ज्यांना बॉम म्हणतात, म्हणजे दुहेरी क्लिकही चालेल. मात्र तीच फाइल तुम्ही परत आत घेत असाल, तर हे तीन बाइट पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटतात आणि ‘सदनिका’ हा स्तंभ डोळ्यांना दिसत असूनही प्रोग्रामला सापडत नाही. वाचताना ते काढून टाकणारी एक ओळ विसरू नये.

आता प्रश्नचिन्हे. ‘पाटील’ या नावाच्या जागी पाच प्रश्नचिन्हे असतील, म्हणजे अक्षरे आणि मात्रा मिळून जितकी चिन्हे तितकीच, तर कुठेतरी ही मराठी लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय अक्षरांच्या संचात बसवण्याचा प्रयत्न झाला आहे. तो साठवताना झाला की वाचताना, एवढेच शोधायचे उरते. त्यासाठी मायएसक्यूएलमध्ये त्या स्तंभावर हेक्स हे फंक्शन चालवून पाहावे. उत्तर ई०ए४ ने सुरू होत असेल तर माहिती शाबूत आहे आणि प्रोग्राम आणि मायएसक्यूएल यांच्यातील जोडणीचा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरसंच, चुकलेला आहे. तो यूटीएफ८-एमबी४, म्हणजे मायएसक्यूएलमधील पूर्ण यूटीएफ-८, केला की काम झाले. ३एफ ३एफ असे दिसले तर मात्र खरोखरच प्रश्नचिन्हे साठलेली आहेत. ती कोणत्याही युक्तीने परत मराठी होत नाहीत, मूळ नोंदवही किंवा बॅकअप काढावा लागतो. तिसरी शक्यताही आहे. सी३ए०सी२ए४ अशी सुरुवात दिसल्यास माहिती दोनदा गुंडाळली गेली आहे आणि ती उलट क्रमाने उलगडता येते, पण हे काम प्रतीवर करावे, मूळ तक्त्यावर नव्हे.

माझा तर्क असा की, तुमच्या जुन्या संस्थांचे तक्ते मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वीच्या आवृत्तीत तयार झालेले असावेत. तेव्हा काही न सांगता तक्ता केला तर तो लॅटिन-१ मध्ये होत असे, आणि चुकीची माहिती नाकारणारा स्ट्रिक्ट मोड बंद असल्यास सर्व्हर तक्रार न करता प्रश्नचिन्हे लिहून मोकळा होत असे. ८.० मध्ये यूटीएफ८-एमबी४ हीच मूळ निवड झाली.

याच विषयाला लागून आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तुमचा व्यवसाय गृहनिर्माण संस्थांचा आहे. सीएसव्ही एक्सेलमध्ये नुसती उघडून जतन केली तरी माहिती बदलू शकते. सदनिका क्रमांक २-११ असा असेल तर एक्सेल त्याची तारीख करते. १६ अंकी बँक खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे १५ च महत्त्वाचे अंक ठेवते. अंकाच्या आरंभीचे शून्य गळते. मराठी नावे बिघडल्याचे निदान दिसते तरी. खाते क्रमांकाचा बदललेला शेवटचा अंक कोणाच्याही नजरेस येत नाही. म्हणून वर सांगितलेल्या मार्गाने फाइल घेताना हे स्तंभ ‘टेक्स्ट’ म्हणून निवडावेत, किंवा ग्राहकांना सीएसव्हीऐवजी थेट एक्सेलचीच फाइल द्यावी. मी असतो तर दुसरे केले असते.

जुन्या नोंदवह्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असल्यास हे सर्व लागू होत नाही. तेथे साठलेली अक्षरे मुळातच लॅटिन असतात आणि फॉन्टमुळे ती मराठी दिसतात, त्यामुळे त्या त्या फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर वापरण्यावाचून मार्ग नाही, आणि कन्व्हर्टरनंतर जोडाक्षरे व रफार माणसाने तपासावे लागतात.

उत्तर – किल्ले_बेलापूर

चौथी तक्रार शिल्लक आहे, आणि पैशांच्या दृष्टीने तीच मोठी आहे.

बिलाची तारीख निवडण्याचे कॅलेंडर ब्राउझरमध्ये असेल आणि ते जावास्क्रिप्टचा डेट ऑब्जेक्ट, म्हणजे तारखेसह नेमका क्षण, देत असेल, असे मी धरून चालतो. ठाण्यात बसलेल्या माणसाने १ एप्रिल निवडले की ब्राउझरमध्ये १ एप्रिलची मध्यरात्र, भारतीय वेळेनुसार, असा क्षण तयार होतो. तो जेसॉन या मजकुराच्या स्वरूपात पाठवताना आपोआप यूटीसीमध्ये बदलला जातो आणि ३१ मार्च, १८ वाजून ३० मिनिटे असा बाहेर पडतो. क्षण तोच आहे, त्यामुळे येथवर काही चुकलेले नाही. तुमच्या कार्यालयातील संगणकावर सर्व्हर चालतो तेव्हा त्याचे घड्याळ भारतीय वेळेचे असते, म्हणून त्या क्षणाची तारीख विचारल्यावर उत्तर १ एप्रिल येते. क्लाउडवरील लिनक्स सर्व्हर मात्र सहसा यूटीसीवर लावलेला असतो, मग तो प्रत्यक्षात मुंबईतील डेटा सेंटरमध्ये का असेना. तेथे त्याच क्षणाची तारीख ३१ मार्च आहे. तुमच्याकडे दोष दिसत नाही आणि ग्राहकाकडे दिसतो, याचे कारण एवढेच आहे.

झटपट उपाय म्हणजे सर्व्हरवर नोड सुरू करताना कालक्षेत्र ठरवणाऱ्या टीझेड या व्हेरिएबलमध्ये एशिया/कोलकाता ही किंमत देणे. आज रात्री बिले काढायची असतील तर तेवढे करावे. पण त्यावर थांबू नये. एखाद्या संस्थेचे खजिनदार मुलाकडे सिंगापूरला गेले असताना तेथून बिल तयार करू लागले, तर त्यांची १ एप्रिलची मध्यरात्र भारतात ३१ मार्चचे रात्रीचे साडेनऊ असते, आणि दोष परत हजर होतो. दुबईहून किंवा न्यूयॉर्कहून केले तर तो दिसणार नाही, त्यामुळे शोधणे आणखी कठीण जाईल.

मुळात बिलाची तारीख हा क्षण नाही. तिला तास नाहीत, मिनिटे नाहीत आणि कालक्षेत्रही नाही. म्हणून ती ब्राउझरपासून मायएसक्यूएलपर्यंत वर्ष, महिना आणि दिवस अशी साधी अक्षरमाला म्हणूनच न्यावी आणि डेट प्रकारच्या स्तंभात ठेवावी. ब्राउझरमध्ये ती अक्षरमाला तयार करताना स्थानिक वर्ष, महिना व दिवस वेगवेगळे घेऊन जोडावेत, आणि जावास्क्रिप्टमध्ये महिना शून्यापासून मोजला जातो हे ध्यानात ठेवावे. आयएसओ रूपांतर, म्हणजे यूटीसीतील प्रमाण तारीख-रूप, करून पहिली दहा अक्षरे कापण्याची पद्धत फार प्रचलित आहे, पण भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचपूर्वीच्या कोणत्याही क्षणाला ती आदल्या दिवशी नेऊन ठेवते.

वाचतानाही तीच काळजी घ्यावी लागते. नोडला मायएसक्यूएलशी जोडणारा ड्रायव्हर डेट प्रकारचा स्तंभसुद्धा डेट ऑब्जेक्ट करूनच हाती देतो आणि साडेपाच तासांचा खेळ उलट दिशेने सुरू होतो. ड्रायव्हरमध्ये डेट स्ट्रिंग्ज ही निवड चालू केली की तो अक्षरमाला देतो. पावती नेमकी कोणत्या वेळी तयार झाली, यासारख्या नोंदी मात्र खऱ्या अर्थाने क्षण आहेत. त्या यूटीसीतच साठवाव्यात आणि दाखवताना भारतीय वेळेत बदलाव्यात.

महापे_रात्रपाळी

टीझेडच्या उपायाशी मी आज रात्रीपुरताही सहमत नाही. त्याच प्रोसेसमध्ये ठरावीक वेळी चालणारी कामे असतील, जसे विलंब शुल्क आकारणे किंवा स्मरणपत्रे पाठवणे, तर ती एकाएकी साडेपाच तासांनी सरकतील आणि दुरुस्तीच्या रात्री दुसराच घोळ होईल.

किल्ले_बेलापूर

हरकत योग्य आहे. अशी कामे असल्यास बिलांच्या छपाईपुरती वेगळी प्रोसेस टीझेड देऊन चालवावी आणि मुख्य प्रोसेसला हात लावू नये.

घोडबंदरकर

अशी कामे आहेत, त्यामुळे मुख्य प्रोसेस तशीच ठेवली. ब्राउझर आणि ड्रायव्हर या दोन्ही ठिकाणी अक्षरमालेचा बदल केला असून चाचणी सर्व्हर मुद्दाम यूटीसीवर ठेवून तपासणी केली. आता १ एप्रिल हा १ एप्रिलच राहतो. जुन्या संस्थांपैकी एकीच्या तक्त्यात हेक्सचे उत्तर ई०ए४ आले, म्हणजे तेथे केवळ जोडणी चुकली होती. उरलेल्यांत ३एफ आहे आणि त्यांची नावे नोंदवहीवरून पुन्हा भरावी लागतील. शेवटचा प्रश्न असा की, आधीच चुकीच्या तारखेने साठलेली बिले एका क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या एका आदेशाने, एक दिवस पुढे नेता येतील का?

उत्तर – किल्ले_बेलापूर

सरसकट नेऊ नये. तुमच्या तक्त्यात दोन प्रकारच्या नोंदी असतील: क्लाउडवरील सर्व्हरने केलेल्या, ज्या एक दिवस मागे आहेत, आणि कार्यालयातील संगणकावरून आयात केलेल्या, ज्या बरोबर आहेत. सर्वांना एक दिवस जोडला तर दुसऱ्या प्रकारच्या नोंदी बिघडतील. आधी पूर्ण बॅकअप घ्यावा, मग नोंद कोणत्या मार्गाने आली हे सांगणारा एखादा स्तंभ किंवा लॉग शोधावा. तसे काही नसेल तर देखभाल बिलांचे वेळापत्रकच उपयोगी पडेल: संस्थेची बिले नेहमी महिन्याच्या १ तारखेची असतील, तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी पडलेली नोंद संशयित मानावी आणि तेवढीच यादी त्या संस्थेच्या खजिनदारांकडून तपासून घ्यावी.

सध्याचा स्तंभ टाइमस्टँप प्रकारचा असल्यास आणखी सावध राहावे. तो प्रकार साठवताना व वाचताना जोडणीच्या कालक्षेत्रानुसार बदल करतो, त्यामुळे त्याचे डेटमध्ये रूपांतर कोणत्या जोडणीतून केले यावर निकाल ठरतो. रूपांतरापूर्वी त्या जोडणीचे कालक्षेत्र अधिक ०५:३० असे आकड्यांत द्यावे. एशिया/कोलकाता हे नाव दिल्यास मायएसक्यूएलला कालक्षेत्रांचे तक्ते वेगळे भरलेले लागतात. विंडोजवर ते बहुधा भरलेले नसतात, आणि मग कालक्षेत्र बदलणारे कन्व्हर्ट टीझेड हे फंक्शन चूक न दाखवता नल, म्हणजे रिकामे उत्तर, देते. आधी प्रतीवर चालवून, बदललेल्या ओळींची संख्या खजिनदारांनी मान्य केलेल्या यादीशी जुळली तरच मूळ तक्त्यावर चालवावे.

लेखापरीक्षण झालेल्या वर्षातील बिले यांत निघाली तर त्यांना क्वेरीने हात लावू नये. त्यांची दुरुस्ती संस्थेच्या लेखापालांना विचारून, स्वतंत्र नोंदीने करावी लागेल.